दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या

१२ फेब्रुवारी

आर्किटेक्ट बाईसाहेब,

दचकू नकोस, आईच लिहिते आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, ऑफिसच्या मेलवर घरचं लिहिलं तर ते तुझ्या साहेबांच्या नजरेला पडतं, आणि तुझ्या बाबांना निरोप सांगायला सांगितला तर ते म्हणाले, मी काय टपालपेटी आहे का, तुमचं तुम्ही बघा. म्हणून खऱ्या टपालपेटीत टाकते आहे. वाचायचं तर वाच, नाहीतर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घाल.

बातमी अशी की तुमचं ऑफिस जे हॉस्पिटल काढतंय त्याचं पाणी, हवा आणि वीज आमच्याकडे आली आहे. मी मागायला गेले नव्हते. तिथल्या व्यवस्थापकांनी दोन-तीन ऑफिसांना विचारलं आणि आम्हाला काम दिलं. तुमच्याकडून इमारतीचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल आलं तेव्हा कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. दाढीला वाटलं फाइलच बिघडली. दाढी म्हणजे तू आपलं ऑफिस सोडून गेल्यावर आलेला माझा इंजिनिअर. दोन मुलांचा बाप आहे, कामाचा आहे, फक्त त्या दाढीत पेन्सिल ठेवली तर सापडत नाही.

मी त्याला म्हटलं, ही फाइल मी स्वतः लावणार. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही फाइल लावताना मी कधी बघितलं नाही. म्हटलं, मग खुर्ची ओढ आणि बघ.

आमचा ठरलेला साचा उघडला. पाइपांचे रंग, गार हवेच्या डक्टची मापं, सगळं त्यात तयार असतं. त्यात तुझं मॉडेल आणून बसवलं आणि वर पिन मारली, कुणाचा धक्का लागून इमारत शेजारच्या प्लॉटात जायला नको. आता तुझ्या भिंती मला दिसतात, मोजता येतात, पण त्यांना हात लावता येत नाही. तू कॉलेजला जायला लागल्यापासून आपल्या घरात हेच चालू आहे, त्यामुळे मला सवय आहे.

मग लेव्हल, म्हणजे उंचीच्या रेघा. तुम्ही लोक वाटेल तिथे लेव्हल मारता, ओट्याची एक, आरशाची एक, खिडकीच्या कट्ट्याची एक. मला मजल्यांशी काम. तेवढ्या उचलून घेतल्या आणि त्यांच्यावर पहारा बसवला, म्हणजे तू मजला हलवलास की माझ्याकडे सूचना येते. बेसिनं आणि कमोड तुझे असले तरी पाइप जोडायला मला माझे लागतात, म्हणून त्यांच्या नकला करून घेतल्या.

एक पायरी गाळली. दुसऱ्याचं मॉडेल आलं की त्यानं उत्तर दिशा कुठे धरली आहे ते त्याच्या फाइलमधून घ्यावं लागतं. तुझ्या बाबतीत त्याची गरजच नव्हती. उत्तर कागदाच्या माथ्याला, हे तुला मीच घोकवून घेतलंय. तिरकी इमारत कागदावर सरळ निजवणाऱ्यांना आपल्या ऑफिसात काय ऐकून घ्यावं लागायचं ते तू विसरली नसशील. माझ्या साच्यातही उत्तर वरच आहे. तुझा मध्य माझ्या मध्यावर ठेवला आणि हात झटकले.

मॉडेल स्वच्छ आहे. सगळ्या भिंती कोपऱ्यात नीट भेटतात, एकही खोली उघडी राहिलेली नाही. हे कुणी शिकवलं ते मी सांगत बसत नाही.

घरी ठीक. मी हल्ली जिन्याऐवजी लिफ्ट घेते, इतकंच.

पाणी, हवा व वीज विभाग,
म्हणजे तुझी आई

२४ फेब्रुवारी

ठके,

बाईसाहेब म्हटलेलं आवडलं नसेल, म्हणून लहानपणच्या नावावर आले. पत्र वाचलंस की नाही कळायला मार्ग नाही. परत आलं नाही, एवढं मात्र खरं.

काम झपाट्यानं चाललंय. तळमजला संपला. पहिल्या मजल्यावर तुझ्या एका तुळईनं माझा डक्ट अडवला होता, त्याला वळसा घातला. तक्रार केली नाही, बघ. दुसरा आर्किटेक्ट असता तर लांबलचक मेल गेली असती.

मग दुसऱ्या मजल्यावर आले, हाडांच्या वॉर्डात. दाढीनं खिडक्या बघितल्या आणि म्हणाला, मॅडम, यांचं चुकलंय, कट्टा गुडघ्याच्याही खाली आलाय. म्हटलं, थांब. मॉडेलमध्ये एका कॉटवर नजर नेली, झोपलेल्या माणसाचं डोकं जिथे असेल तिथे. तिथून बाहेरचं दिसतं. उशीवरून मान न उचलता झाड दिसतं, माणसं येता-जाता दिसतात. पाय वर टांगून महिना-महिना पडून राहणाऱ्यांचा वॉर्ड आहे तो. मी त्याच कॉटवरून पुन्हा पुन्हा बाहेर बघत राहिले, आणि हे दाढीनं सगळ्या ऑफिसात सांगितलं.

आता एक सांगते आणि लगेच पुढे जाते. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुला कळवायचं नाही असं मीच बाबांकडून कबूल करून घेतलं होतं, त्यांना बोलू नकोस. समोर पिवळट भिंत होती आणि भिंतीवर स्विचबोर्ड. बोर्ड तिरका होता. पडल्या पडल्या मी तो मनातल्या मनात रोज सरळ करत असे. रागवायचं असेल तर फोन करून रागाव, मी ऐकून घेईन.

पण खिडकीचं कौतुक केलं म्हणून माझं मत बदललं असं समजू नकोस. सगळी इमारत चालवायची कशी ते तुला येत होतं. ऑफिस तुझ्या हातात द्यायचं असं मी ठरवलं होतं, सगळ्यांना सांगितलंही होतं. ते सोडून तू पुन्हा कॉलेजात जाऊन पोराटोरांच्या शेजारी बसलीस, कशासाठी, तर खिडक्या काढायला. अजून वेळ गेलेली नाही. तुझी जागा आहे.

आई

५ मार्च

ठके,

आजचं पत्र तुला आवडणार नाही, तेव्हा आधी चहा घे.

भिंती आणि मजले लागले की आम्ही तुमच्या प्रत्येक खोलीवर आमची एक हिशेबाची जागा बसवतो, ते तुला ठाऊकच आहे. तिला कळतं की भिंत किती, काच किती, डोक्यावर गच्ची आहे की दुसरा मजला, आणि ऊन कुठल्या बाजूनं येतं. मग हिशेब निघतो, या खोलीत उष्णता किती येणार आणि ती काढायला गार हवा किती सोडायची. बाकी इमारतीचा हिशेब शहाण्यासारखा आला. तुझा वॉर्ड मात्र भट्टी निघाला.

लांब बाजू पश्चिमेला, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काच. दुपारनंतरचं ऊन थेट पेशंटच्या अंगावर. ते काढायचं म्हटलं तर त्या मजल्याचं मशीन जवळजवळ दुप्पट लागतं, डक्ट तितकेच जाड होतात, आणि फॉल्स सीलिंग इतकं खाली येतं की उंच डॉक्टरांनी वाकून फिरावं. हिशेब मी दोनदा केला, दाढीकडून वेगळा करून घेतला. तोच आला.

पश्चिमेला एवढी काच लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला वाटलं, साहेबांनी तुझ्या गळ्यात मारलं असेल. बाबा म्हणाले, तो मजला पूर्ण तिचा आहे, तिचा पहिलाच. मग मी आणखी बुचकळ्यात पडले.

माझं आईपण आणि माझा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल गेला आहे. खिडक्या निम्म्या कराव्यात आणि कट्टा कमरेइतका वर घ्यावा, असं लिहिलं आहे. जमेल तितक्या मऊ शब्दांत लिहिलं आहे. तू इथे असतीस तर हे कागदावर यायच्या आधी चहाच्या कपावर मिटलं असतं.

झाड दिसायचं राहील, याचं मला वाईट वाटतं. पण घामानं निथळणाऱ्याला झाड बघून काय करायचंय.

आई

१३ मार्च

ठके,

तुमच्या ऑफिसचा जबाब आला. "वॉर्डची काचेची बाजू उत्तरेकडे आहे. मॉडेलमध्ये तशी नोंद आहे. कृपया तपासावे." खाली तुझं नाव. कृपया! घरात जन्मभर तू हा शब्द वापरला नाहीस, मीठ मागतानासुद्धा नाही.

तरी मी तपासलं. माझ्या फाइलमध्ये वॉर्ड उघडला, दिशेचा बाण बघितला. पश्चिम. दाढीला बोलावलं, त्यालाही पश्चिमच दिसली. तो दबकत म्हणाला, मॅडम, त्यांची मूळ फाइल वेगळी उघडून बघू का? म्हटलं, तिचं मॉडेल मला नको दाखवूस, तिच्या हातात पेन्सिल मी दिली आहे. आणि आमचा हिशेब कायम असल्याचं मी कळवून टाकलं.

पुढचं तुला माझ्याआधी कळलं असेल. व्यवस्थापक खूश आहेत, काच कमी म्हणजे खर्च कमी. तुझ्या साहेबांनी निम्म्या खिडक्यांचं ड्रॉइंग काढायला सांगितलंय आणि ते तुलाच काढायला सांगितलंय. सोमवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब होणार.

काल तू बाबांशी बोललीस. त्यांनी मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण जेवताना त्यांचा घास हातातच राहिला तेव्हा मी ओळखलं. खोदून खोदून विचारलं. म्हणाले, खिडक्या गेल्या तर त्या मजल्यावरून ती आपलं नाव काढायला लावणार आहे आणि ते ऑफिसही सोडणार आहे. मी म्हटलं, रागाच्या भरात बोलली असेल. त्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तिला वाटतंय, तू हे मुद्दाम करते आहेस."

एवढं बोलून ते कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं.

हे मला लागलं, ठके. मी फटकळ आहे, कडक आहे, माझ्या हाताखाली टिकणं सोपं नाही, हे सगळं मान्य. पण आकडा मी कुणासाठी वाकवला नाही आणि कुणाविरुद्ध तर मुळीच नाही. तू माझ्याबद्दल काहीही म्हण, हे म्हणू नकोस.

म्हणून उद्या भर दुपारी प्लॉटवर जाणार आहे. अजून गेले नव्हते, गुडघ्याचं निमित्त होतं. जिथे तुझा वॉर्ड येणार तिथे बाबांना उभं करणार, उन्हानं डोळे बारीक केलेला त्यांचा फोटो काढणार आणि या पत्रासोबत तुला पाठवणार. बापाचा चेहरा बघून तरी तुला पटेल.

आई

१४ मार्च

ठके,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालते. फोटो सोबत नाही. का नाही ते वाच.

दुपारी पोचलो. पत्र्याचं कुंपण, आत उघडी जमीन, कोपऱ्यात राखणदाराची खोली, आणि इमारतीचे कोपरे दाखवणाऱ्या खुंट्या, त्यांना लाल फिती बांधलेल्या. फाटकासमोर रस्ता, पलीकडे टायरचं दुकान. राखणदारानं मला खुर्ची दिली. मी मांडीवर तुझं ड्रॉइंग पसरलं आणि तिथूनच हुकूम सोडायला लागले. अहो, त्या खुंटीपासून चाला, आता डावीकडे, आता थांबा, तुम्ही वॉर्डात आलात, आता काचेकडे तोंड करा. बाबांनी टोपी सारखी केली आणि उभे राहिले. मी मोबाइल समोर धरला.

म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय ना?

"नाही गं," ते म्हणाले. "डाव्या कानावर येतंय."

म्हटलं, नीट उभे राहा.

"नीटच उभा आहे. सूर्याला सांग सरकायला."

मी काठी घेतली आणि स्वतः तिथपर्यंत गेले. त्यांना बाजूला करून त्यांच्या जागी उभी राहिले. ऊन माझ्याही डाव्या कानावर आलं. समोर कुंपणापलीकडे झाडांची रांग होती आणि सगळीकडे शांत, सारखा उजेड. डोळ्यांना कुठेच त्रास नव्हता. खाली मान घालून ड्रॉइंग बघितलं, मग वर बघितलं, मग कागद हातात फिरवायला लागले. रस्ता तुझ्या कागदावर खालच्या कडेला आहे. इथे तो मावळतीला होता, म्हणजे कागदाची डावी बाजू ही खरी उत्तर.

तू इमारत कागदावर फिरवली आहेस. दार खाली, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याला आत शिरल्यासारखं वाटावं. सगळे आर्किटेक्ट असंच करतात. खरी उत्तर फाइलमध्ये आत नोंदवलेली असते, जो उचलून घेईल त्याला मिळते. तू तर लिहूनही कळवलंस. मी उचललीच नाही. मला वाटलं, मी तुला ओळखते.

ऑफिसात परत आले आणि दाढीला म्हटलं, आता तिची फाइल उघड. तिच्यातून जागा आणि दिशा घेतली, अख्खी इमारत पडद्यावर पाव फेरा फिरली. हिशेब पुन्हा चालवला. वॉर्ड गार. मशीन सगळ्या इमारतीत तिथे सगळ्यात लहान लागतंय. काच तशीच्या तशी, कट्टा जिथल्या तिथे, सीलिंग उंच. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दाढीनं पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

खरं सांगू? तुझं मॉडेल मी लावलंच नव्हतं. माझ्या ऑफिसातून उठून गेलेल्या पोरीचं मॉडेल लावलं होतं. ती कशी रेघ मारते, कागद कसा धरते, हे मला पाठ होतं, आणि त्या भरवशावर मी तुझा मजला मोडायला निघाले होते. या चुकीला दाढी जबाबदार नाही, साचा नाही, गुडघाही नाही.

दाढीनं एक वाट सुचवली. तो म्हणाला, सुधारित अहवाल म्हणून नवीन आकडे पाठवून देऊ, असे बदल रोज होतात, कोण विचारतंय. खरंच कुणी विचारलं नसतं. पण तुझ्या साहेबांच्या डोक्यात राहिलं असतं की काच तिची चुकली आणि आम्ही सांभाळून घेतली. ते मला चालणार नाही.

बाबा गाडीत म्हणाले होते, आजच तिला फोन कर. मी म्हटलं, नाही. तिला एकटीला सांगितलेलं बाकीच्यांना ऐकू जात नाही. तिच्यावर चौघांत बोट ठेवलं, तर माघारही चौघांतच घेईन. सोमवारी येते. हे पाकीट त्याआधी तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला माहीत आहे.

आई

२० मार्च

ठके,

बैठकीत तू होतीसच. पण तू सगळा वेळ वहीत बघत होतीस, म्हणून तुला न दिसलेलं सांगते.

मी उभं राहून बोलले तेव्हा तुझ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, वॉर्डच्या खिडक्या उत्तरेलाच आहेत. तुमच्या मॉडेलमध्ये तसं स्पष्ट होतं आणि तुमच्या आर्किटेक्टनं ते लेखी कळवलंही होतं. तुमचं मॉडेल आमच्याकडे लावताना मी दिशा घेतली नाही. चूक माझी आहे, माझ्या माणसांची नाही. अहवाल मागे घेते. दाढी शेजारी बसला होता, तो टेबलाखाली दोन्ही हात आवळून बसला होता. मला मात्र काही कठीण गेलं नाही. उलट बसल्यावर जीव हलका झाला.

मला वाटलं, झालं. पण व्यवस्थापक काही कमी नाहीत. ते म्हणाले, चूक कळली, छान झालं, पण लहान खिडक्या आता आमच्या मनात भरल्या आहेत. काच कमी, पुसायला माणूस कमी. तुझे साहेब म्हणाले, तसंही करता येईल. त्या वेळी तुझी पेन्सिल वहीवर थांबली. ते मी बघितलं.

मी म्हटलं, लहान केल्या तर दिवसभर दिवे लावावे लागतील, दिव्यांची उष्णता माझ्याच मशीनला काढावी लागेल आणि विजेचं बिल तुम्हाला दर महिन्याला येईल. ते हसून म्हणाले, मॅडम, मागच्या आठवड्यात तुमचाच हिशेब म्हणत होता काच कमी करा, आज म्हणतो करू नका. मी कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास बसत नसेल तर पाणी-हवा-विजेचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मी आजच सगळ्या फाइली देऊन जाते. पण जो कुणी येईल त्याच्याकडून आधी त्या वॉर्डचा हिशेब करून घ्या, आणि तोवर खिडक्यांना हात लावू नका."

दाढीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं घर विकायला काढलंय. आणि तू वर बघितलंस. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्याकडे सरळ बघितलंस.

मग तू बोलायला लागलीस. कट्टा वर घेतला तर झोपलेल्याला फक्त छत दिसतं, म्हणालीस. नर्सला दिवसा दिवा न लावता जखम नीट बघता येते, म्हणालीस. मी म्हटलं, आणि दिवे कमी म्हणजे... तू म्हणालीस, डक्ट बारीक. मी म्हटलं, डक्ट बारीक म्हणजे... तू म्हणालीस, सीलिंग उंच, पंखाही बसेल. आपण दोघी एकमेकींचं बोलणं तोडत होतो आणि आवाज चढवत होतो. व्यवस्थापक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी ते तुझ्या साहेबांना म्हणाले, या दोघी ठरवून आल्या आहेत का? साहेब खोकले आणि म्हणाले, नाही, त्या मायलेकी आहेत.

 व्यवस्थापक कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आणि खिडक्या आहेत तशा राहू द्या. दाढीनं टेबलाखालून हात वर काढले.

बाहेरच्या पॅसेजमध्ये तू मला गाठलंस. मला वाटलं होतं, रडशील, किंवा मी रडेन. तू माझ्यासमोर थेट उभी राहून म्हणालीस, "तू मला वाचवलंस असं समजू नकोस. खिडक्या उत्तरेलाच होत्या."

मी म्हटलं, नाही समजत.

"पत्रं मिळतात," तू म्हणालीस. "तुझं अक्षर फार बिघडलंय."

मग पिशवी खांद्यावर टाकून, जाता जाता, मागे न बघता म्हणालीस, यापुढे मॉडेलमध्ये काही बदललं की मी फोन करीन, तेव्हा तो उचलायचा. हुकूम सोडण्याची ही तऱ्हा मी कुठे बघितली आहे, असं मला सारखं वाटत राहिलं. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तेव्हा फोन येईल आणि मी उचलेन. पण मी मला ओळखते. फोनवर मी पाइपांचं बोलेन, डक्टचं बोलेन, कमोड भिंतीपासून किती लांब हवा यावर तुझ्याशी हुज्जत घालेन आणि शेवटी, जेवलीस का, असं विचारून ठेवून देईन. जे खरं बोलायचंय ते माझ्या तोंडातून निघणार नाही, म्हणून हे एक पत्र जास्तीचं.

तू गेल्यापासून मी येईल त्याला सांगत आले की पोरीचं चुकलं. बाबांना सांगितलं, दाढीला सांगितलं, बिल द्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं. काल रात्री मात्र आपल्या ऑफिसातून आजवर किती हॉस्पिटलं गेली, माझ्या हातून किती वॉर्ड झाले, ते आठवत बसले होते. प्रत्येकात हवा बरोबर, पाणी बरोबर, दिवे बरोबर. पण कॉटवर पडलेल्या माणसाला काय दिसत असेल, हे बघायचं मला एकदाही सुचलं नाही. तू माझ्याकडे राहिली असतीस, तर तुलाही सुचलं नसतं.

आई